धाव आणि मडगार्ड

लाकडी चाकाच्या परिघावर तापवून चढवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात, आणि पळण्याच्या क्रियेला व ते सारे पळणे जिच्या अंगावर झिजून जाते त्या वस्तूला एकच नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या भाषाबुद्धीचे मला फार पूर्वीपासून कौतुक वाटत आले आहे. तीच धाव पुढे रबराची झाली, हवेने भरली गेली, कारखान्याच्या साच्यातून बाहेर पडू लागली आणि टायर हे परके नाव घेऊन आपल्या बोलण्यात रुळली. मोटारीच्या मागच्या चाकांना शर्यतीच्या गाडीसारखे रुंद टायर चढवावेत आणि ते मडगार्डाखाली न घासता फिरावेत, यासाठी आजचे हौशी लोक जो खटाटोप करतात, तो वरवर पाहता नव्या काळातला छंद दिसला, तरी माझ्या मते तो या धावेच्याच इतिहासाचा पुढचा भाग आहे. आणि हा इतिहास जर एखाद्या मुलखात सलग वाचता येत असेल, तर तो बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत.

उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले हे दोन तालुके, आजच्या रायगड व १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले. मुंबई बंदर आणि पुण्याचे पठार यांच्या मध्ये दोन हजार फुटांच्या आसपास उंचीची जी भिंत उभी आहे, तिच्याशी चाकाला पहिला सामना करावा लागतो तो येथे. परंतु शतकानुशतके या भिंतीवर चाक चढलेच नाही. वंजाऱ्यांचे तांडे पाठीवर गोणी लादलेले बैल घेऊन घाटवाटांनी चढत-उतरत, आणि मीठ, धान्य, कापड सारे पाठीवरूनच जाई. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज खालापूरच्या उंबरखिंडीत कोंडून शरण आणली, त्या प्रसंगीही या मुलखाची चिंचोळी, दगडधोंड्यांची, रानाने वेढलेली वाटच महाराजांच्या बाजूने लढली असे म्हणावे लागते. पुढे १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना गादीवर बसवण्याच्या उद्देशाने कंपनी सरकारची फौज पनवेलहून बोरघाट चढून पुण्याकडे निघाली, तेव्हा तिच्या सरंजामात एकोणीस हजार बैल होते. तोफा घाटावर ओढून नेण्यासाठी वाट तयार करावी लागली, मजल दिवसाला मैलभरही पडेना, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे त्या फौजेला जो नामुष्कीचा तह करावा लागला, त्याच्या कारणांत मराठ्यांच्या तलवारीइतकाच या दिरंगाईचाही वाटा होता.

चाकासाठी घाट खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो १८३० मध्ये. त्या वर्षीच्या १० नोव्हेंबरला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम काही मंडळींसह घोडागाड्यांत बसून नव्या सडकेने घाट उतरले. त्याच सुमारास बांधलेला, पुढे एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ या नावाने ओळखला गेलेला दगडी पूल एप्रिल २०२० पर्यंत उभा होता, आणि तो पाडल्याची बातमी वाचली त्या दिवशी मला एखादा वडीलधारा माणूस गेल्यासारखी हळहळ वाटली. घाटाचा मार्ग इंग्रज अभियंत्याला शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवला आणि बक्षिसाऐवजी त्याला गोळी मिळाली, अशी कथा या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि गाडीवानांचे वारसदार असलेले ट्रकचालक आजही तेथे हात जोडून, नाणे टाकून पुढे जातात. चाकाने ज्याच्या पायवाटेवरून घाट जिंकला, त्या पायी चालणाऱ्या माणसाला देवपण देण्यात लोकमानसाने मोठाच न्याय केला आहे.

सडक झाली, पण त्या सडकेवर चालण्याजोगी गाडी देशावर होती कोठे? त्या काळच्या अनेक गाड्यांची चाके दगडाची किंवा भरीव लाकडाची, अवजड असत, आणि एका गाडीला बैलांच्या कित्येक जोड्या लागत. १८३० नंतरच्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूरकडील टेंभुर्णी येथे सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला आणि आऱ्यांच्या, लोखंडी धावेच्या हलक्या गाडीचा नमुना प्रचारात आणला. पुढील पिढीत आपण जिला ‘आपली’ बैलगाडी म्हणू लागलो, तिच्या घडणीत या तजविजीचा भाग आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

धाव चढवण्याचे काम ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. सुताराने बाभळीसारख्या कठीण लाकडाचा तुंबा घडवायचा, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांच्या टोकांवर पुठे बसवून वर्तुळ पुरे करायचे; मग लोहाराने चाकाचा घेर मापून लोखंडी पट्टी कापायची, आणि या कापण्यातच त्याची सारी विद्या असे, कारण पट्टीचे कडे चाकाच्या घेराहून किंचित लहान राहिले पाहिजे. किती लहान, हे लाकडाचे वय, ऋतू आणि पट्टीची जाडी पाहून हाताने ठरे. कडे जोडून झाले की ते जमिनीवर आडवे ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या, लालबुंद होईपर्यंत तापवायचे, आणि तापाने फुगलेले ते कडे दोघातिघांनी सांडशींनी उचलून चाकावर उतरवायचे. लाकूड पेट घेते, धूर डोळ्यांत जातो, घणाचे दोन-चार ठोके बसतात आणि लगेच घागरींनी पाणी ओतले जाते. तेव्हा आकसणारे लोखंड साऱ्या पुठ्यांना आणि आऱ्यांना तुंब्याकडे दाबत नेते आणि चाक सांध्यासांध्यातून करकरते. ती करकर ऐकल्यावर लोहार समाधानाने मागे सरे. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल पडली की शेतकरी चाक ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवी आणि लाकूड फुगून ती पुन्हा घट्ट होई. मिठीत घेतल्यासारखे घट्ट बसणे, हाच त्या काळी धाव नीट बसल्याचा पुरावा होता.

या धावेची रुंदी किती असावी, हा प्रश्न मात्र चाकापेक्षा रस्त्याचा होता. अरुंद लोखंडी धाव ओल्या मातीत सुरीसारखी उतरते. एका मागोमाग शेकडो गाड्या गेल्या की जमिनीत ज्या दोन समांतर खोल रेघा पडतात त्यांना आपण चाकोरी म्हणतो, आणि त्या चाकोरीतून बाहेर निघणे गाडीला इतके कठीण असते की ठराविक रीतीने जगणाऱ्या माणसालाही आपण चाकोरीतला माणूस म्हणू लागलो. इंग्लंडातही हाच अनुभव होता, म्हणून तेथील पार्लमेंटाने १७५३ मध्ये कायदा करून जकातीच्या रस्त्यांवरील मालगाड्यांना नऊ इंच रुंदीची चाके सक्तीची केली, अशा हेतूने की चाकाने रस्ता कापू नये, उलट रुळासारखा दाबून काढावा. येथे रुंदी आहे ती सडकेच्या रक्षणासाठी. चाकाला स्वतःला तिचा काही लाभ नाही, उलट ओढणाऱ्या जनावराला वजनाचा भारच आहे. म्हणूनच वेग हवा तेव्हा आपल्या लोकांनी रुंदी टाकून दिली. रायगडच्या गावोगावी ज्या बैलगाड्यांच्या शर्यती होत आल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने ज्या थांबल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ज्यांना कायमची मुभा दिली, त्या शर्यतींची गाडी पाहा. तिच्यात जेवढे लाकूड, जेवढे लोखंड कमी करता येईल तेवढे केलेले असते. बैल ओढतो, चाक फक्त मागून येते. आणि जे चाक फक्त मागून येते त्याने शक्य तितके कमी वजनाचे आणि कमी अडवणारे असावे, हा विचार सर्वस्वी योग्य आहे.

मग शर्यतीच्या मोटारीचा टायर रुंद का? या प्रश्नाचे उत्तर घाटात मोटारीच्या आधी रेल्वेने दिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि खंडाळ्याहून पुण्याकडची गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंना पालखीने, तट्टावर किंवा गाडीने त्याच १८३० च्या सडकेवरून ओलांडावा लागे. पाच वर्षे हा प्रकार चालला. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटातील लोहमार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे, सुमारे सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा चढ, एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर, आणि ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच मरण पावल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी निभावून नेलेला मक्ता, या साऱ्याची कहाणी वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच पाहावयाचे की या मार्गावर प्रथमच असे चाक आले की ज्याला कोणी ओढत नाही, जे स्वतः जमिनीला मागे रेटून पुढे जाते. असे चाक गुळगुळीत रुळावर घसरले तर इंजिनात कितीही ताकद असली तरी ती व्यर्थ. म्हणून रुळावर वाळू सोडायची, इंजिन मुद्दाम जड ठेवायचे, आणि तरीही पुरे पडत नाही म्हणून कर्जत स्थानकात गाडी थांबवून तिच्या मागे आणखी इंजिने जोडायची, ज्यांना रेल्वेची माणसे ‘बँकर’ म्हणतात. त्या थांब्यात खिडकीतून वडापाव घेणाऱ्या प्रवाशाला क्वचितच ठाऊक असते की त्याचा हा अल्पोपाहार चाक आणि रूळ यांच्यामधील घर्षणाच्या अपुरेपणाची देणगी आहे. १९३० च्या सुमारास विजेवर चालणारी, विव्हळल्यासारखा आवाज करणारी जी अवजड इंजिने या घाटात आली, त्यांना कामगारांनी ‘खेकडा’ म्हटले. दगडाला पायांनी घट्ट धरून चढणाऱ्या प्राण्याचे ते नाव मला घाटातील चाकाला फारच शोभणारे वाटते.

मोटारीने हाच प्रश्न सडकेवर आणला. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर सिद्ध केला, आणि दशकभरातच त्या कंपनीचा व्यापार मुंबईस पोहोचला. गंमत अशी की या टायराने आपल्या खेड्यांत मोटारीआधी नव्हे, तरी मोटारीइतकेच खोल मूळ धरले ते बैलगाडीला लागून. रबरी चाकांच्या गाडीला पश्चिम महाराष्ट्रात लोक सरळ ‘डनलॉप’च म्हणू लागले. मडगार्ड ही वस्तूही मोटारीच्या आधीची आहे, बग्गीच्या चाकावरची चिखल अडवणारी ती पट्टी. मोटारीचा वेग वाढला, तशी ती पट्टी चाकाला झाकणारी, मग बॉडीशी एकजीव झालेली कमान बनली. आणि ज्या क्षणी चाक बॉडीच्या पोटात शिरले त्या क्षणी त्याच्या रुंदीला प्रथमच घराच्या भिंतीसारखी मर्यादा पडली. उघड्या बैलगाडीला ही अडचण कधीच नव्हती.

रुंद टायराचे शास्त्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. शाळेच्या पुस्तकात घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे शिकवतात. लोखंड व लाकूड यांच्याबाबत ते पुष्कळसे खरे आहे, पण रबर हे वेगळ्या जातीचे द्रव्य आहे; ते खडीच्या बारीक खाचांत दबून शिरते, आणि त्याच्यावरील दाब जसा वाढतो तशी त्याची पकड वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. म्हणून तेच वजन अधिक रुंद जागेवर पसरले तर पकड सुधारते. शिवाय रुंद टायर जमिनीला आडवा पसरून टेकतो, त्यामुळे वळणावर बाजूला सरकण्यास तो अधिक विरोध करतो. त्याची उष्णता अधिक रबरात वाटली जाते. आणि उष्णता वाटली गेली की मऊ, लवकर झिजणारे पण घट्ट धरणारे रबर वापरण्याची सोय होते. इंजिन ज्या गाडीची मागची चाके फिरवते, त्या गाडीत वेग घेताना वजनही मागेच झुकते आणि घाट चढताना आणखी झुकते. म्हणून शर्यतीच्या गाडीत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद ठेवण्याची प्रथा पडली. रुंदीचा जो उपयोग १७५३ मध्ये रस्त्यासाठी होता तो आता चाकाच्या स्वतःच्या कामासाठी झाला, कारण चाक आता कामकरी झाले होते.

१९६० नंतरच्या दशकात शर्यतीच्या मैदानांवर हे टायर झपाट्याने फुगत गेले, आणि रस्त्यावरच्या गाडीत ती रीत आणणाऱ्यांत १९७३ सालची पोर्श कंपनीची करेरा आर. एस. ही मोटार अग्रभागी होती. तिच्या टायरांची मापे वाचण्यासारखी आहेत. पुढे १८५/७०, मागे २१५/६०, दोन्ही पंधरा इंची रिमवर. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के उंची बाजूच्या भिंतीला आहे ते सांगणारा. हिशेब करून पाहा: १८५ चे सत्तर टक्के म्हणजे १२९.५, आणि २१५ चे साठ टक्के म्हणजे १२९. मागचा टायर तीस मिलिमीटरने रुंद झाला, पण त्याच्या भिंतीच्या उंचीत केवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला. म्हणजे गाडीची ठेवण आणि वेगदर्शकाचा काटा जागच्या जागी राहिला, आणि वाढलेली रुंदी सामावण्यासाठी मागची मडगार्डे तेवढी बाहेर फुगवावी लागली. टेंभुर्णीच्या कारखान्यातल्या लोहाराने ही आकडेमोड पाहिली असती तर त्याला ती परकी वाटली नसती.

आपल्याकडे या खटाटोपाला सोयीची गाडी होती ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, मागे पाटे, आणि चौदा इंची रिमवर केवळ ५.२० इंच, म्हणजे सुमारे १३२ मिलिमीटर रुंदीचे टायर. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत या जातीच्या गाड्या बदल करून पळवल्या जात. धावपट्टी या शब्दातही पुन्हा धाव आणि पट्टी एकत्र आली आहेत, हे जाता जाता सांगावेसे वाटते. आता अशा गाडीला मागे १६५ चा टायर लावायचा असे ठरवले, तर वाढ तेहतीस मिलिमीटरांची. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी त्याची बैठक यांतील अंतराला गॅरेजात ऑफसेट म्हणतात. तो कायम ठेवला तर वाढ दोन्ही बाजूंना साडेसोळा-साडेसोळा मिलिमीटर वाटली जाते. आतल्या बाजूला पाटे, शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेकची नळी. बाहेरच्या बाजूला मडगार्डाची आत दुमडलेली पत्र्याची कड. या कडेनेच बहुतेक टायर कापले जातात. म्हणून पहिला उपाय तिचा: पत्रा गरम करून, हळूहळू दाबून ती कड आतून वर सपाट बसवायची, रंग न तडकता. एवढ्याने भागले नाही तर कमान कापून नवा पत्रा जोडून ती बाहेर फुगवायची, हे पत्र्याचे काम करणाऱ्याचे कसब. अमेरिकेत सरळ रेषेच्या शर्यती खेळणारे तर गाडीच्या आतला चाकाचा खळगाच कापून मोठा करतात आणि आख आखूड करून घेतात. हब आणि रिम यांच्या मध्ये चकती घालून चाक बाहेर ढकलण्याचा जो स्वस्त मार्ग आहे तो मला पसंत नाही. त्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि सारा भार चार-पाच बोल्टांवर लोंबकळतो.

सरकारचाही यात अंमल आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दाखल्यात कारखानदाराने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मुभा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. तेव्हा कमान कापण्याआधी दाखला वाचावा. त्याहून मोठा हुकूम आपल्या पावसाचा. ज्या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे रुंद आणि नक्षी नसलेला शर्यतीचा टायर पाण्याच्या थरावर चढून तरंगतो आणि जमीन सोडतो. आषाढात बोरघाटात तो लावणे हा निव्वळ अविवेक आहे, हे मी स्पष्ट लिहितो, कारण त्या वळणांवर इतर लोकही असतात. ज्यांना मोटारीपासूनच सुटका हवी त्यांच्यासाठी कर्जत तालुक्यातच माथेरान आहे, जेथे मोटारीला दस्तुरी नाक्यावर थांबावे लागते आणि पुढे १९०७ पासूनची दोन फुटी रुळांची गाडी, घोडा किंवा स्वतःचे पाय कामी येतात.

राहिले एकच काम, टायर कोठे घासतो का हे पाहण्याचे, आणि ते कोरड्या दिवसांतले. उभ्या, रिकाम्या गाडीच्या टायराभोवती बोट फिरवून जागा आहे असे ठरवणारा माणूस फसतो. चाक वर-खाली होते, पाटे भाराने दबतात, वळणावर आख कडेला झुकतो. म्हणून कडेच्या आतून खडू किंवा पांढरा रंग लावावा, डिकीत धान्याची दोन पोती आणि मागच्या बाकावर दोघेतिघे बसवावेत, आणि खोपोलीहून जुन्या सडकेने निघून बेताच्या वेगात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढावे. तेथे गाडी बाजूला लावून, चाकांमागे दगड ठेवून, मडगार्डाखाली वाकून पाहावे. रंग शाबूत असेल तर उतरायला हरकत नाही. कोठे पुसून पत्रा चकाकत असेल, तर तेवढीच जागा खुणेने दाखवून कारागिराकडे परत जावे.